शेवटचे दोन किलोमीटर

सकाळी साडेनऊच्या सुमारास हिंगोलीच्या बसस्थानकावर बसलं की सगळा जिल्हा डोळ्यांसमोरून जातो. औंढ्याची गाडी नाक पुढं करून फलाटाला लागते. दार उघडायच्या आधीच खालची माणसं खिडकीतून रुमाल, पिशवी टाकून जागा धरतात. वाहक ओरडतो, "आधी उतरू द्या!" शाळेच्या पोरी दप्तरं सावरत उतरतात. त्यांच्यामागून एक म्हातारी दांडीला धरून एकेक पायरी चाचपत खाली येते. वाहक तिचा हात धरतो, "माय, हळू."

वाहक तिथून थेट नियंत्रकाच्या खिडकीशी जातो आणि लॉगशीट पुढं करतो. नियंत्रक गाडीचा नंबर, आल्याची वेळ, सुटायची वेळ लिहितो आणि सही करतो. लिहिता लिहिताच तो तीन जणांना उत्तरं देतो. सेनगाव कोणत्या फलाटाला, कळमनुरी सुटली का, मुक्कामी गाडी किती वाजता. मान वर न करता दिलेलं त्याचं एकही उत्तर चुकत नाही. मला या माणसांचा फार आदर वाटतो. खेड्यातल्या माणसाला आधार वाटावा असं सरकार त्या खिडकीत बसलेलं असतं.

म्हातारीच्या मुठीत तिकीट होतं, शून्य रुपयाचं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. ते तिकीट तिनं घडी घालून पदराच्या गाठीत बांधलं. त्याच गाठीतून दहाच्या नोटा काढून मोजल्या आणि फाटकाकडं निघाली. तिला सरकारी दवाखान्यात जायचं होतं. औंढ्याहून पंचवीसेक किलोमीटर ती फुकट आली. पुढच्या दोन किलोमीटरला मात्र ॲटो. एकटीला परवडेना म्हणून सीट भरेपर्यंत ती उन्हात उभी राहिली.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या आणि गावोगावची माणसं कामासाठी इथं यायला लागली. एसटी त्यांना शहरापर्यंत आणून सोडते. फाटकाबाहेरचा रस्ता, दिवे, गटार ही कायद्यानं नगरपरिषदेची कामं. मग त्या रस्त्यावर उभ्या माणसाची सावली, थांबा आणि पुढची गाडी कोणाची? माझं म्हणणं असं की ती जबाबदारीही नगरपरिषदेनंच अंगावर घ्यावी.

हे काही नवं मागणं नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९३२ साली त्या राज्यात सरकारी बस सुरू केली ती रेल्वेच्याच खात्यानं, २७ गाड्यांनिशी. रुळावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकाच घरची होती, म्हणजे स्टेशनपुढच्या प्रवासालाही धनी होता. अलीकडचा दाखला नाशिकचा. तिथं शहरातली सेवा वर्षानुवर्षं एसटी चालवायची. महापालिकेनं स्वतंत्र कंपनी काढून ती हाती घेतली आणि ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक रस्त्यावर आणली. गाड्या ठेकेदाराच्या, त्याला पैसे किलोमीटरप्रमाणे. मार्ग, वेळ, तिकीट महापालिकेचं. तिथं तोटा आहे, पगारासाठी वाहकांचे संपही झालेत. तरी बस आली नाही तर कोणाच्या दारात जायचं, हे नाशिककराला ठाऊक आहे.

हिंगोलीला शेकडो गाड्या नकोत. स्थानक, दवाखाना, जिल्हाधिकारी कार्यालय, रेल्वे स्टेशन अशी फेरी मारणाऱ्या दोन लहान गाड्यांपासून सुरुवात करता येईल. एसटी नाक्या-नाक्यावर थांबतेच. तिथं पत्र्याचं छप्पर, बसायला बाक, वेळापत्रकाची पाटी आणि रात्री पेटणारा दिवा हवा. ॲटोवाल्यांनाही फाटकाशेजारी आखलेली जागा द्यावी. त्यांचंही पोट या प्रवाशांवरच आहे, त्यांना हुसकून काही साधणार नाही.

दुपारी चारला म्हातारी परत आली. हातात गोळ्यांची पुडी. खिडकीशी जाऊन तिनं विचारलं, "औंढा लागली का रे बाबा?"

"पाच मिनिटांत लागते, माय. बस तिथं सावलीला."

ती बाकावर टेकली, पदराची गाठ सोडली, उरलेल्या नोटा पुन्हा मोजल्या आणि आधार कार्ड हातात काढून ठेवलं.