वटपौर्णिमा आणि परसातील रातांबा

वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, फणस, जांभळे, करवंदे मानाने विराजतात. परंतु उपवासाच्या ताटातील दाण्याच्या आमटीस खरी रुची येते ती आमसुलाने.

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या सावित्रीच्या काठी, महाडजवळील सव येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. त्वचाविकारांवर तेथील स्नान लोक गुणकारी मानतात. याच कोकणात अंगावर पित्त उठल्यास भिजविलेल्या आमसुलाचे पाणी लावतात, टाचांच्या भेगांवर कोकमतेल चोळतात आणि जेवणाअखेर सोलकढी घेतात. मात्र पित्ताबरोबर श्वास कोंडू लागल्यास डॉक्टरांकडेच धाव घ्यावी, असे आम्ही आवर्जून सांगू.

आमसूल सहज होत नाही. रातांब्याची साल मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवावी लागते. फळ पिकते वैशाख-ज्येष्ठात, आणि ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. पाऊस सुरू झाला, की सालीला बुरशी धरते. उरलेली फळे झाडाखालीच कुजतात.

वडाला सूत गुंडाळण्याची लगबग सुरू होण्यापूर्वीच परसातील रातांबा उतरवून घ्यावा, एवढीच आमची वाचकभगिनींस विनंती. वर्षभराची चव त्या चार उन्हांवर अवलंबून असते.