गाइडचे प्रमाणपत्र कसे वाचावे? डोंगरवाटेवर जाण्यापूर्वी



मी चेन्नईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. सेमिस्टर परीक्षा संपत आली की माझ्या टेबलावर एक ठरावीक अर्ज येतो. दहा-बारा मुलेमुली, शनिवार-रविवार, कुठलासा डोंगर, आणि खाली एक ओळ : ‘सोबत प्रमाणित गाइड आहे.’ मी विचारतो, कशाचे प्रमाणपत्र? उत्तर बहुधा येते, ‘सर, सर्टिफाइड आहे ना!’ या टिपणात आपण या एका शब्दाची फोड करणार आहोत.

सुरुवात माझ्या विषयापासून करतो. वेल्डरची पात्रता चाचणी मेकॅनिकलच्या मुलांना ठाऊक असते. सपाट ठेवलेल्या प्लेटवर, म्हणजे वन-जी स्थितीत, उत्तीर्ण झालेल्या वेल्डरला डोक्यावरचा जोड, म्हणजे फोर-जी, करू देत नाहीत. माणूस तोच, मशीन तेच. पण वितळलेला धातू खाली ओघळतो आणि सगळे कसब बदलते. म्हणून त्याच्या प्रमाणपत्रावर प्रक्रिया, जाडी आणि स्थिती लिहिलेली असते. ‘प्रमाणित वेल्डर’ एवढ्यावर कोणी बॉयलर सोपवत नाही. डोंगरातल्या गाइडचे अगदी असेच आहे.

आता आमच्या राज्यातली घटना पाहा. 11 मार्च 2018, रविवार. थेनी जिल्ह्यातील बोडिनायक्कनूरजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात चेन्नईहून आणि ईरोड-तिरुप्पूर भागातून आलेले दोन गट कोळुक्कुमलैच्या बाजूने उतरत होते. वाटेत वणव्याने त्यांना गाठले. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा नऊ होता. भाजलेल्यांपैकी एकेक जण पुढच्या दिवसांत गेला आणि आकडा 23 झाला. त्यांत बरीच मंडळी तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती, आयटी कंपन्यांत नुकती लागलेली.

तो डोंगर अवघड नव्हता. दोर लागत नव्हता, बर्फ नव्हता. तिथे अवघड होता तो महिना. मार्चमध्ये पश्चिम घाटाच्या त्या उतारांवर पुरुषभर उंचीचे गवत वाळून उभे असते. वणवा सपाटीवर धावतो त्याहून चढावर कितीतरी जोरात धावतो, कारण ज्वाला वरच्या गवताकडे कलतात आणि आग पोहोचण्याआधीच ते तापून कोरडे ठाक होते. ढोबळ नियम असा की उतार दर 10 अंशांनी वाढला की वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 30 अंशांच्या उतारावर जवळपास आठपट. आपल्या खालच्या अंगाला आग असेल तर वर पळून तिच्यापुढे टिकता येत नाही. घळ तर चिमणीसारखी धूर आणि ज्वाला वर ओढते. ही गोष्ट ज्याला पाठ आहे तो माणूस दूरवर धूर दिसताच वाट बदलतो, किंवा मुळात त्या दिवशी निघतच नाही. हे ज्ञान हिमालयातील कोणत्याही अभ्यासक्रमाच्या मुख्य भागात नाही. ते त्या रानात वाढलेल्या माणसाकडे असते.

घटनेनंतर राज्य सरकारने चौकशी नेमली आणि ट्रेकिंगचे नियमन करणारे 2018 चे नियम आले. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना सुरू झाली : 40 वाटा, सोप्या-मध्यम-कठीण अशी वर्गवारी, ऑनलाइन नोंदणी, आणि सोबत वनखात्याने प्रशिक्षण दिलेले गाइड. हे गाइड आदिवासी पाड्यांतले आणि जंगलालगतच्या गावांतले आहेत. 2025 मध्ये 15 फेब्रुवारी ते 15 एप्रिल या वणव्याच्या काळात या वाटा बंद ठेवल्या गेल्या. माझ्या मते कुरंगणीनंतरचा हा सर्वांत मोलाचा निर्णय, कारण इथे ‘नाही’ म्हणण्याचे काम एकट्या गाइडवर सोडलेले नाही.

हिमालयात चित्र वेगळे. तिथे दोर, बर्फकुऱ्हाड, हिमदरीतून माणूस वर काढणे ही कसबे लागतात आणि ती शिकवणाऱ्या आपल्याकडे चांगल्या संस्था आहेत : दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1954), उत्तरकाशीची नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1965), शिवाय मनाली आणि पहलगाम येथील. पायऱ्या अशा : आधी बेसिक, त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे शिकवण्याचे प्रशिक्षण. आता लक्ष द्या. बेसिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो आणि तो विद्यार्थ्यासाठी असतो. तो पूर्ण केलेल्या मुलाला स्वतः डोंगरात वावरण्याची तोंडओळख झाली, एवढेच त्या कागदाचे म्हणणे. दहा नवख्या जणांना नेण्याचा तो परवाना नव्हे. जाहिरातींतले पुष्कळसे ‘सर्टिफाइड’ इथेच येऊन थांबतात. संपूर्ण अर्थाने पर्वत-गाइडची आंतरराष्ट्रीय पात्रता वेगळी असते. ती देणाऱ्या राष्ट्रीय संघटनांच्या महासंघात नेपाळची संघटना 2012 पासून आहे.

म्हणून गाइडशी बोलताना आधी कागदाचे नाव विचारा, मग साल, मग त्याच वाटेवर तो त्याच महिन्यात कितीदा गेला आहे ते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि ते कधी संपते? दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा पूर्ण अभ्यासक्रम सुमारे 80 तासांचा असतो आणि त्याची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. एका दिवसाच्या शिबिराचे प्रमाणपत्रही तितकेच सुबक छापलेले असते, हे लक्षात असू द्या.

बर्फातल्या सहलीचे वेळापत्रक मात्र तुम्ही स्वतःच तपासू शकता. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा सर्वमान्य संकेत आहे. वेळापत्रकात एका दिवसात 900 मीटर दिसले तर कारण विचारा. चांगला गाइड चिडत नाही, समजावून सांगतो.

आणि एक प्रश्न असा जो आमची मुले कधीच विचारत नाहीत : अर्ध्यातून परत फिरलो तर पैशांचे काय? शिखर गाठल्यावरच उरलेली रक्कम देऊ, असे ठरवणारे गट मी पाहिले आहेत. त्यांना तो हुशारीचा व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात आपण त्या माणसाच्या निर्णयाच्या तराजूत एका पारड्यात वजन टाकून ठेवतो. ढग दाटले, कुणाचे डोके दुखू लागले, आणि परत फिरला तर त्याच्या घरचे दोन हजार बुडतात! ठरलेली मजुरी पूर्ण मिळेल, परत फिरलात तरी मिळेल, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगा.

काही वर्षांपूर्वी निलगिरीत आमच्या तुकडीला गाइडने दीड तासाच्या चालीनंतर थांबवले. हत्तीची ताजी लीद होती, वारा आमच्या पाठीकडून पुढे जात होता. तो फक्त ‘वेंडाम’ म्हणाला, म्हणजे नको, आणि वळला. मुले हिरमुसली. मीही, खरे सांगायचे तर, मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. हत्ती तिथे होता की नव्हता हे आम्हाला कधीच कळले नाही.

प्रमाणपत्राने सगळे धोके टळतात, असा याचा अर्थ घेऊ नका. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमप्रपातात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. तिथे कागदाची कमतरता नव्हती. पण तुम्ही शनिवारच्या ट्रेकला निघता तेव्हा तुमच्यापुढे तेवढा मोठा डोंगर नसतो. बहुतेकदा चुकीचा महिना, अपुरे पाणी आणि ‘नाही’ म्हणायला कचरणारा माणूस असतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. कळसूबाई (1646 मीटर) किंवा राजगडच्या मळलेल्या वाटेला पायथ्याच्या गावातला वाटाड्या पुरतो, पावसाळ्यात तर तोच हवा. कोणता ओढा दुपारनंतर फुगतो हे त्याला ठाऊक असते. लिंगाण्यासारख्या सुळक्यावर मात्र प्रस्तरारोहणाचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूसच दोर लावील. दोघांची अदलाबदल करू नका.

अर्जासोबत मी आता गाइडच्या प्रमाणपत्राची प्रत, वाटेचा नकाशा आणि परतीची वेळ मागतो. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर पुढे कोणाला कळवायचे, तेही लिहून घेतो. हा कागद वसतिगृहाच्या रखवालदाराकडे राहतो, माझ्याकडे नाही. रविवारी रात्री तो जागा असतो.