बरं काय आहे, तेही सांगा

‘काय तक्रार आहे?’ सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या तोंडी हा प्रश्न दिवसातून शंभरदा येतो. केसपेपरवरची पहिली नोंदही तक्रारीचीच असते. त्यात गैर काही नाही. तक्रार कळल्याशिवाय निदान होत नाही. पण ही सवय मी नकळत घरीही नेऊ लागलो. गाडी लावायला जागा नव्हती, लिफ्ट बंद होती, वॉर्डातले औषध संपले होते, भाजीत मीठ कमी होते. एका रात्री पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, तुमची ओपीडी घरीही सुरूच असते. फरक एवढाच, इथे पेशंट तुम्ही असता.”

असे का होते? आपला मेंदू चांगल्यापेक्षा वाईट चटकन टिपतो. रानात राहणाऱ्या पूर्वजांसाठी धोका वेळीच ओळखणे हा जगण्याचा प्रश्न होता. आज वाघ नाही, पण दिवसभरात दहा कामे नीट होऊन एक बिघडले, तर रात्री आठवते ते बिघडलेलेच. तेच मनात घोळत राहिले की शरीरही सावध अवस्थेत राहते. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, झोप उडते.

याला उतारा म्हणून कृतज्ञतेचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तर तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसला. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या शारीरिक कुरबुरी कमी होत्या आणि व्यायामही जास्त होत होता. मज्जातंतू व स्नायूंचे आजार असलेल्या रुग्णांनी अशी नोंद २१ दिवस रोज ठेवली, तेव्हा त्यांची झोप सुधारली. मूळ आजार अर्थातच गेला नव्हता.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. नैराश्य आणि चिंतेवर अशा नोंदींचा परिणाम अल्पच असतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून चालू गोळ्या बंद करून कोणी वही उघडू नये. आणि उदास माणसाला ‘तुला काय कमी आहे?’ असे तर कधीच विचारू नये. त्याने आधीच खचलेल्या मनावर अपराधाचे ओझे तेवढे वाढते.

दुसरा धोका मला एका आजींनी शिकवला. मधुमेहाच्या तपासणीला त्या नियमित येत. विचारले की हसून म्हणत, “सगळं बरं आहे, डॉक्टर. लोकांचं बघितलं की आपलं काहीच नाही वाटतं.” एकदा सिस्टरनी त्यांना वजनकाट्यावर उभे करताना चप्पल काढायला लावली, तेव्हा तळव्याची जखम दिसली. तीन आठवड्यांची होती. पाय वाचला, पण एक बोट गमवावे लागले. समाधानाने तक्रार गिळली होती. छातीत दुखणे, दम लागणे, न भरणारी जखम, घरातला त्रास, नळाला न येणारे पाणी, या तक्रारी केल्याच पाहिजेत. ज्याला ती सोडवता येईल त्यालाच सांगा, आणि सुटेपर्यंत पाठपुरावा करा. दहा जणांना सांगून ती सुटत नाही, फक्त ताजी राहते.

उरलेल्या कुरबुरींसाठी सोपा प्रयोग करा. झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा आणि त्या कशामुळे घडल्या तेही लिहा. ‘कुटुंब चांगले आहे’ असे मोघम नको. ‘मुलाने न सांगता पाणी भरून ठेवले’ असे नेमके हवे. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदाही चालेल. आणि जमेल तेव्हा, ज्याच्यामुळे ते घडले त्याला सांगा.

पत्नीच्या त्या टोमण्यानंतर मीही वही केली. पहिल्या रात्री दुसरी गोष्ट सुचेना. बऱ्याच वेळाने आठवले, मी पोहोचण्याआधी माझी ओपीडी रोज झाडून-पुसून तयार असते. ते काम करणाऱ्या मावशींबरोबर मी अकरा वर्षे काम करत होतो, पण त्यांना कधी चांगले म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणालो, “मावशी, तुमच्यामुळे सकाळी बसायला बरं वाटतं.” त्या फरशी पुसायच्या थांबल्या, माझ्याकडे निरखून पाहिले आणि काळजीने म्हणाल्या, “सायेब, तब्येत बरी हाय न्हवं?”

त्या रात्री वहीतली पहिली ओळ त्यांचीच होती.