माळ्यावरच्या खलनायकाचे मोल किती?

अहिल्यानगर : दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली येते आणि तिच्या तळाशी वीतभराहूनही लहान, चेहऱ्यावर चंदेरी मुखवटा असलेला एक बाहुला सापडतो. नव्वदच्या दशकात आईवडिलांकडे हट्ट धरून घेतलेला हा कोब्रा कमांडर आज कोणाच्या दृष्टीने भंगार असतो, तर कोणाच्या दृष्टीने ठेवा. काही जण अशी पेटी किलोच्या भावाने रद्दीवाल्याला देऊन मोकळे होतात. काही जण इंटरनेटवर एखाद्याने मागितलेली अवास्तव किंमत पाहून हुरळून जातात. दोन्ही प्रकारांत नुकसान ठरलेलेच. कॉमिक्समधील खलनायकांच्या अशा ‘अॅक्शन फिगर्स’चे मूल्य ठरविण्याची एक निश्चित पद्धत आहे आणि ती घरबसल्या शिकता येते.

खलनायकालाच मागणी का?

हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने 1982 साली ‘जी. आय. जो’ ही पावणेचार इंची सैनिकांची मालिका बाजारात आणली. त्याच वर्षी मार्व्हलने तिचे कॉमिक्सही सुरू केले. नायकांसमोर शत्रू हवा, ही सूचना मार्व्हलचे संपादक आर्ची गुडविन यांची. त्यातून ‘कोब्रा’ ही संघटना जन्मली. पुढे लेखक लॅरी हामा यांनी या पात्रांना स्वभाव आणि पूर्वेतिहास दिला. म्हणजेच हा खलनायक मुळात कॉमिक्सवाल्यांच्या कल्पनेतून आलेला आहे.

खलनायकांच्या बाजारात आणखी एक गंमत आहे. नायक एकेकटा असतो, त्यामुळे संग्राहकाला तो एकच पुरतो. कोब्राचे सैनिक मात्र एकाच गणवेशातील, मुखवटाधारी आणि निनावी. संग्राहकांना त्यांची पलटण उभी करायची असते, म्हणून ते एकच बाहुला पाच-दहा नगांनी घेतात. परिणामी अनेकदा नामांकित सरदारापेक्षा साध्या शिपायालाच अधिक गिऱ्हाईक मिळते.

गोव्यात घडलेली फौज

आपल्याकडे ही खेळणी पोचली ती फनस्कूलमुळे. एमआरएफ समूहाची ही कंपनी 1987 साली सुरू झाली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. हॅसब्रोच्या परवान्याने, तिच्याच साच्यांतून फनस्कूलने जी. आय. जोचे बाहुले काढले. साचा तोच असला, तरी रंग, रंगकाम आणि प्लॅस्टिकची प्रत यांत फरक पडत गेला. एकाच पात्राचे वेगवेगळ्या रंगछटांतील नमुने निघाले. त्या काळी गिऱ्हाइकाला दोष वाटलेले हे फरकच आज संग्राहकांना मोलाचे वाटतात.

तथापि ‘भारतीय बनावटीचा, म्हणून दुर्मिळ’ हा समज चुकीचा आहे. 2000 सालाच्या सुमारास परदेशी संग्राहकांनी फनस्कूलचे बाहुले मुद्दाम मागविले आणि न उघडलेली बरीच पाकिटे तिकडे गेली. त्यामुळे नंतरच्या काळातील सर्वसाधारण नग आजही विपुल आहेत. सुरुवातीच्या वर्षांतील, चांगल्या स्थितीतील आणि वेगळ्या रंगाचे नग मात्र शोधावे लागतात. हाच न्याय ‘लिओ’ या छापाखाली भारतात निघालेल्या ही-मॅन मालिकेतील स्केलेटरलाही लागू पडतो.

पहिली पायरी : ओळख

बाहुला पालथा करून कमरेखालचा मजकूर भिंगाने वाचावा. तेथे उठवलेले साल हे त्या साच्याच्या हक्काचे असते, उत्पादनाचे नव्हे. त्यावर 1983 लिहिलेले असूनही बाहुला नव्वदच्या दशकात भारतात तयार झालेला असू शकतो. केवळ सालाकडे पाहून ‘चाळीस वर्षांपूर्वीचा’ असा दावा करणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा लबाड. छातीवरचे चिन्ह, गणवेशाचा रंग आणि कोपराचा सांधा यांवरून आवृत्ती ठरते. पहिल्या वर्षीच्या, म्हणजे 1982 च्या बाहुल्यांचे हात कोपरावर आडवे वळत नाहीत; ती सोय 1983 पासून आली.

दुसरी पायरी : पूर्णता

सुट्या बाहुल्याच्या किमतीत शस्त्रांचा वाटा मोठा असतो. कोब्रा कमांडरचे पिस्तूल, स्टॉर्म शॅडोच्या तलवारी व धनुष्य, स्केलेटरचा मेंढ्याच्या कवटीचा दंड या वस्तू मुलांच्या हातून प्रथम हरवत. समजा, सर्व साहित्यासह एखादा बाहुला 3,000 रुपयांना विकला जातो आणि त्याचे अस्सल पिस्तूल सुटे 800 रुपयांना मिळते. मग पिस्तुलाविना त्याच बाहुल्याला 2,200 रुपयांहूनही कमीच द्यावेत. कारण हरवलेला भाग शोधण्याचे कष्ट खरेदीदारालाच पडणार. हल्ली शस्त्रांच्या हुबेहूब नकला मिळतात. नकलेचे प्लॅस्टिक बहुधा अधिक मऊ वा अधिक चकचकीत असते आणि कडा बोथट असतात. नक्कल जोडलेला बाहुला अपूर्णच समजावा.

तिसरी पायरी : प्रकृती

जी. आय. जोच्या बाहुल्याचे धड आणि पाय आतील एका रबरी कड्याने जोडलेले असतात. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीत हे कडे सुकून तुटते आणि बाहुल्याचे दोन तुकडे होतात. यामुळे घाबरून तो फेकू नये. पाठीचा स्क्रू काढून कडे बदलता येते आणि संग्राहक या दुरुस्तीला फारसा दोष मानत नाहीत. मात्र तुटलेला अंगठा, दोन पायांमधला भंगलेला भाग आणि खरवडलेला रंग यांना उपाय नाही. तेथे किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. नव्याने रंगवलेला बाहुला तर संग्राहकाच्या लेखी बाद ठरतो.

पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते. शुभ्र वेषातील स्टॉर्म शॅडोला हा रोग हमखास जडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळते खरे. पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो. म्हणून असा उजळवलेला नग विकताना तसे सांगणे हेच प्रामाणिकपणाचे.

चौथी पायरी : आवरण

न उघडलेल्या पाकिटाची किंमत सुट्या नगापेक्षा सहसा बरीच अधिक असते. पारदर्शक फुगा पुठ्ठ्यापासून सुटून पुन्हा चिकटवला आहे काय, हे कडेने प्रकाश टाकून पाहावे. मागील बाजूस छापलेले पात्राच्या माहितीचे कार्ड आपल्याकडे अनेक मुलांनी हौसेने कापून घेतले. ते सापडल्यास बाहुल्यासोबत जपावे. त्यालाही मागणी असते. अमेरिकेत अॅक्शन फिगर ऑथॉरिटी ही संस्था 100 पैकी गुण देऊन बाहुला पारदर्शक पेटीत बंद करून देते. परंतु साध्या भारतीय नगाच्या बाबतीत पाठवणी व तपासणीचा खर्चच त्याच्या किमतीहून जास्त होईल.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

मूल्यमापनातील सर्वांत मोठी फसगत येथे होते. विक्रेता कितीही आकडा लिहू शकतो. भाव ठरतो तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारावरून. लिलावाच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी यादी पाहता येते. तीत त्याच आवृत्तीचे, त्याच स्थितीचे अलीकडचे चार-पाच व्यवहार शोधावेत, सर्वांत चढा व सर्वांत उतरता आकडा वगळावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. परदेशातील भाव रुपयांत आणताना टपालखर्च, कमिशन आणि आयातीवरील शुल्क विसरू नये.

खरेदी करताना पाठीचे, सांध्यांचे व शस्त्रांचे छायाचित्र भरदिवसा काढून मागावे. अनोळखी विक्रेत्याला संपूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि बाहुला ठेवायचाच असेल, तर त्याला ऊन, दमट हवा आणि घट्ट आवळलेले रबर बँड यांपासून दूर, कापडात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याचे मोल दर उन्हाळ्यागणिक कमीच होत जाते.