शनी पाहिला, भीती गेली



२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे वांद्र्याला गेलो होतो. तेव्हा आमच्या विहिरीचे काम थांबले होते. बाबांची रास मीन. आजी म्हणाली, "साडेसाती चालू आहे, आत्ता खणू नका." म्हणून मला शनीची भीतीच वाटायची.

मामाच्या शेजारच्या दादाकडे दुर्बीण आहे. रात्री गच्चीवर त्याने मला शनी दाखवला. मोत्यात सुई आरपार घातल्यासारखा दिसला! ती सुई म्हणजे शनीची कडी. ती बर्फाच्या व दगडांच्या तुकड्यांची असतात. दर १४-१५ वर्षांनी ती आपल्याला कडेने दिसतात, म्हणून रेघेसारखी वाटतात.

मग दादाने पुष्कळ माहिती सांगितली. सूर्यापासून लांब चार मोठे ग्रह आहेत: गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. त्यांच्यावर आपल्यासारखी जमीन नाही. उतरायला गेलो तर पाय टेकायला जागाच नाही!

गुरू आणि शनी मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या वायूंचे आहेत. गुरूच्या रुंदीत ११ पृथ्व्या ओळीने बसतील, तरी त्याचा दिवस १० तासांहून लहान. शनी आकाराच्या मानाने पाण्यापेक्षाही हलका. युरेनस कुशीवर आडवा होऊन फिरतो. नेपच्यूनवर वारा ताशी २००० किलोमीटरपर्यंत सुटतो. या दोघांवर मिथेन वायू आहे, म्हणून ते निळसर दिसतात.

आता साडेसातीचे गणित बघा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २९॥ वर्षे लागतात. राशी १२, म्हणजे एका राशीत तो सुमारे २॥ वर्षे दिसतो. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी मिळून झाली ७॥ वर्षे. म्हणजे कधीही बघा, १२ पैकी ३ राशींना साडेसाती असतेच! आमच्या वर्गात २८ मुले आहेत. त्यांतल्या साधारण ७ जणांना आत्ता असेल. ती तर रोज खोखो खेळतात.

घरी येऊन मी हे आजीला पाटीवर मांडून दाखवले. म्हटले, "आजी, शनी १३० कोटी किलोमीटरवर आहे. आपल्या विहिरीचे पाणी जमिनीतल्या झऱ्यांवर अवलंबून." बाबा हसले. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ती कडी मला पण दाखव रे."

विहिरीचे काम अजून सुरू झालेले नाही. पण बाबा पुन्हा मोजमाप घेऊ लागले आहेत.

तुम्हीही घरी हे गणित करून बघा.