हरित ऊर्जेतील उमेदवारी

पूर्वी वकिलाच्या कचेरीत वा सराफाच्या पेढीवर काम शिकणाऱ्या तरुणाला ‘उमेदवार’ म्हणत. निवडणुकीखेरीज हा शब्द आता फारसा कानी पडत नाही. त्याची जागा ‘इंटर्न’ने घेतली आहे. स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रात मात्र नाव बदलले तरी रीत जुनीच आहे. उमेदवारी केल्यावाचून येथे पाय रोवता येत नाहीत.

जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट असलेली पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अशा बातम्या वाचून या वाटेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा प्रयोगशाळा असते. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, हे खरे. पण संशोधनाच्या जागा थोड्या आणि त्यांसाठी उच्च शिक्षण हवे. बहुतांश रोजगार जागेची पाहणी, आराखडा, उभारणी, वीज वितरण कंपनीची मंजुरी, देखभाल आणि मोजमाप यांत आहे. त्यातलाही बराचसा शहरातील वातानुकूलित कचेरीत नव्हे, तर धुळे-साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतील माळांवर. घराजवळच्याच नोकरीचा हट्ट धरणाऱ्याची येथे निराशा होण्याचा संभव अधिक.

अनुभवाचा पेच

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याअन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अर्थात ‘बीईई’ची स्थापना झाली. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक या दोन्ही प्रमाणपत्रांसाठी ब्यूरोची राष्ट्रीय परीक्षा असते; पहिल्यासाठी तीन, तर दुसऱ्यासाठी चार प्रश्नपत्रिका. मोठ्या प्रमाणावर ऊर्जा वापरणाऱ्या, सरकारने अधिसूचित केलेल्या उद्योगांना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावाच लागतो. त्यामुळे या प्रमाणपत्राला बाजारात मोल आहे. मात्र पदवीधर अभियंत्याला परीक्षेपूर्वी तीन वर्षांचा, तर पदविकाधारकाला सहा वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. प्रमाणपत्रासाठी अनुभव आणि अनुभवासाठी नोकरी, असा हा पेच आहे. तो सोडविण्याची सुरुवात महाविद्यालयीन वर्षांतील दोन महिन्यांच्या प्रशिक्षणापासून होऊ शकते; अर्थात त्या दोन महिन्यांत हातात मोजमापाचे उपकरण आले तर!

ते आल्यावर काय घडते, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. कारखान्यातील दाबाखालील हवेच्या नळ्यांना बारीक गळती असते. डोळ्यांना ती दिसत नाही आणि यंत्रांच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. रविवारी काम बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून प्रशिक्षणार्थी घड्याळ घेऊन उभा राहतो. हवेचा वापर शून्य आहे. तरीही दाब घसरतो आणि यंत्र पुन्हा भार घेते. ते दोन मिनिटे भारावर आणि सहा मिनिटे भारमुक्त राहिले, तर एकूण आठांपैकी दोन मिनिटे, म्हणजे क्षमतेच्या पंचवीस टक्के हवा निव्वळ गळतीत जाते. एका रविवारच्या या नोंदींतून कारखान्याच्या विजेच्या देयकात थेट बचत निघते. मुलाखतीत असा एक अनुभव सांगता येणे हे चार ऑनलाइन प्रमाणपत्रांहून वजनदार ठरते.

कारखान्यात प्रवेश मिळाला नाही, तरी स्वतःचे महाविद्यालय आहेच. बारा महिन्यांची वीज देयके, दिवे-पंख्यांची मोजदाद, पाण्याच्या पंपाचे तास यांवरूनही लहानसा लेखापरीक्षण अहवाल तयार होतो.

अभियंत्यांखेरीज इतरांनाही येथे वाव आहे. आयटीआय उत्तीर्ण तरुणांसाठी २०१५ मध्ये सहाशे तासांचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम सुरू झाला. वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांसाठी दार उघडले ते ‘सेबी’मुळे. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक झाले. त्यासाठी शाखाशाखांतून वीज आणि डिझेलची देयके गोळा करावी लागतात. ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, तर एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, असा हिशेब मांडला जातो. काम कंटाळवाणे खरे. पण ज्या आकड्यामागे देयक सापडत नाही, तो आकडा तपासनीस मानत नाही.

प्रशिक्षण स्वीकारण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. मार्गदर्शक कोण? उपकरणे हाताळू देणार का? विद्यावेतन किती? उलट विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेऊन केवळ प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. सुरक्षेचा प्रश्न तर टाळूच नये. मुख्य स्विच बंद केला तरी उन्हातील सौर पॅनेलमध्ये विद्युतदाब कायम असतो आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलमध्ये तो कित्येक शे व्होल्टपर्यंत जातो. सुरक्षापट्टा आणि जाणकाराची सोबत नसेल, तर छतावर पाऊल ठेवू नये.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. उन्हाळी सुटीत सौरप्रकल्पावर गेलेल्याला धुळीमुळे वीजनिर्मिती कशी घटते, हे रोजच्या नोंदींत दिसते. पवनऊर्जेचे मात्र वेगळे. महाराष्ट्रात वाऱ्याचा भर पावसाळ्यात असल्याने एप्रिल-मेमध्ये पवनचक्क्यांची देखभाल आणि दुरुस्ती पाहायला मिळते. त्या पूर्ण वेगाने फिरताना पाहायच्या असतील, तर जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा डोंगर चढावा लागतो.