धातूंची उतरंड

आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, एखादी जस्ती बादली पडून असते. मोडीत घालवत नाही आणि वापरवतही नाही. ताक पितळेत ठेवले की कळकते, हे आपल्या आज्यांना शाळेत न जाता ठाऊक होते. ते का कळकते, हे कळण्यासाठी धातूंचे स्वभाव पाहावे लागतात.

धातूचा अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो, त्यावर त्याची क्रियाशीलता ठरते. त्यानुसार धातूंची एक उतरंड लागते. सर्वांत वर पोटॅशियम आणि सोडियम. पाण्याशी गाठ पडली की ते भडकतात, म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. खाली येताना मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग तांबे, चांदी आणि तळाशी सोने. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतो. बोर्डो मिश्रण करणारा शेतकरी हे रोज पाहतो. मिश्रणात घासलेला विळा बुडवला आणि त्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळे आहे, चुना कमी पडला. लोखंड विरघळले आणि तांबे बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ.

दोन धातू एकत्र आले की वरचा आधी झिजतो. जस्ती पत्र्यावर ओरखडा गेला तरी लोखंड बराच काळ तगते, कारण जस्त स्वतः झिजून त्याला राखते. तेलाच्या डब्यावर मात्र कथलाचा मुलामा असतो. तिथे ओरखडा पडला की लोखंडच आधी गंजते, कारण ते कथलाच्या वरचे.

ॲल्युमिनियम इतके वर असूनही आपल्या डब्यांत शांत कसे? हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. चिंच किंवा सोडा तो पापुद्रा खातो. ऑक्सिजनची ही मिठी कोळशाने सुटत नाही, वीजच लागते. आपल्या बेळगावच्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिनाची पांढरी पूड होते, ती हीच मिठीतली अवस्था.

आता तांबे. ते हायड्रोजनच्याही खाली, म्हणून नुसत्या आंबटाने विरघळत नाही. पण हवेतला ऑक्सिजन त्याचा ऑक्साइड करतो आणि आंबट तो उचलते. रात्रभर ठेवलेल्या ताकात हेच घडते. दूध आंबट नसते, पण त्यातले केसीन तांब्याला धरून ठेवते, आणि त्याची चवही फारशी बदलत नाही. इथेच घात झाला.

लहान मुलांचे यकृत कठीण होऊन ती दगावत. एकाच घरात दोन-दोन भावंडे जात, म्हणून लोक वंशाला दोष देत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या घरची भांडी पाहिली. 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडले की, कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले जनावराचे दूध तान्ह्या वयात सुरू केल्याने तांबे यकृतात साठत असावे. आनुवंशिकतेचा वाटा असेलही. पण घरोघरी स्टील आले, तसा हा आजार दुर्मिळ झाला. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, अल्प मात्रेचा माणूस; पण ती मात्रा अल्प नव्हती.

कल्हईचे काम त्यामुळे निव्वळ चकाकीचे नव्हे. कथील तांब्याच्या वर आहे, म्हणून झिजायचे ते तेच झिजते. आणि पोटात गेलेले थोडे कथील बाधत नाही. अडचण एकच: स्वस्तात पडावे म्हणून काही जण कथलात शिसे मिसळतात, आणि शिसे लेकरांच्या मेंदूला घातक. कल्हईवाला दारात आलाच, तर त्याच्याकडची कांडी हातात घेऊन कानाजवळ वाकवा. शुद्ध कथील वाकताना कुरकुरते. शिसे मुकाट्याने वाकते, आणि कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवते.